जलालाबादचं चित्र वाचताना: धरणगावातल्या प्रकल्पाच्या नोंदी

12 जून 2025

शाळेतल्या मुलांनी एक चित्र पुरावा म्हणून वाचायचं, असा हा प्रकल्प. त्यासाठी चित्र ठरलं. एलिझाबेथ थॉम्पसन, म्हणजेच लेडी बटलर, यांचं 1879 चं ‘द रेम्नंट्स ऑफ अ‍ॅन आर्मी’. मूळ नावातच पुढे ‘जलालाबाद, 13 जानेवारी 1842’ अशी जागा आणि तारीख आहे. कॅनव्हासवर तैलरंग, उंची 132.1 सेंमी, रुंदी 233.7 सेंमी. हेन्री टेट यांनी 1897 साली दिलेलं, तेव्हापासून लंडनच्या टेट संग्रहात.

आठवी ते दहावीसाठी हेच निवडण्याचं कारण म्हणजे हे लढाईचं चित्र असून त्यात लढाई नाही. तलवारींचा खणखणाट नाही, धूर नाही, शत्रूही नाही. मोठं ओसाड मैदान, त्यावर जेमतेम उभा असलेला घोडा, खोगिरावर कसाबसा तगून राहिलेला एक माणूस, मागे डोंगर, एका कडेला किल्ला आणि तिथून त्याच्याकडे निघालेले काही स्वार. बस, इतकंच. भरगच्च रणांगण समोर ठेवलं की मुलं ‘हा मारतोय, तो मरतोय’ एवढ्यावर थांबतात. इथे तसं थांबता येत नाही.

दुसरं कारण गावाचं. खानदेश भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण 1825 साली उभी करणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम धरणगावात ठाण मांडून होता, आणि हाच माणूस 1839 मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होता. अफगाणिस्तानातलं जलालाबाद आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. पण हा धागा शेवटच्या तासिकेत काढायचा. आधी काढला की मुलं चित्र सोडून गावाचाच इतिहास सांगत बसतात.

हक्कांचं: चित्रकर्ती 1933 साली वारल्या. आपल्याकडे मृत्यूनंतर 60 वर्षं, ब्रिटनमध्ये 70. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राच्या अटी मात्र वेगळ्या असतात. फाइल जिथून घ्यायची तिथल्या अटी आधी वाचायच्या आणि छापाच्या कडेला चित्राचं नाव, साल, संग्रह लिहायचा.

16 जून

छाप मूळ आकाराचाच हवा. पाठ्यपुस्तकात हे चित्र पोस्टकार्डाएवढं आलं की रिकामं मैदान ही नुसती पार्श्वभूमी होते. भिंतीवर सव्वादोन मीटरवर पसरलं की तेच मैदान मुख्य पात्र होतं.

हिशेब: 132.1 × 233.7 सेंमी म्हणजे जवळपास बरोबर 52 × 92 इंच. मिळालेली फाइल रुंदीला 4,000 पिक्सेल, म्हणजे इंचाला 43 ठिपके. बॅनरवाला ऐकताच नाक मुरडतो, पण दोन मीटरवरून साध्या नजरेला इंचाला 44 च्या पुढचं वेगळं दिसत नाही. एक मीटरवर आलं की 87 लागतात आणि छाप विरघळल्यासारखा दिसतो. म्हणून भिंतीपासून दोन मीटरवर खडूची रेघ मारायची, पहिली रांग त्या रेघेमागे.

फाइल सॉफ्टवेअरने ‘मोठी’ करून घेण्याचा मोह टाळायचा. नुसते पिक्सेल वाढवले तर फारसं बिघडत नाही, पण हल्लीची साधनं तपशील स्वतःच रचतात. दगडाच्या जागी गवत, लांबच्या स्वारांना चेहरे. जे चित्र पुरावा म्हणून वाचायचं त्यात चित्रकाराने न काढलेली एकही रेघ नको.

घोडा-स्वार आणि किल्ला जवळून बघायला वेगळे तुकडे लागतात. फाइलमधला 1,200 पिक्सेल रुंदीचा तुकडा ए-3 वर छापला तर हातात धरल्यावर फुटलेला दिसतो. सहा इंच रुंदीवर छापला तर इंचाला 200 ठिपके मिळतात, चालून जातं. चार मुलांत एक तुकडा.

21 जून

कशावर छापायचं? सनबोर्डची (फोमच्या कडक फळीची) शीट 8 × 4 फूट, म्हणजे 96 × 48 इंच. चित्र 52 इंच उंच, चार इंचांनी बाहेर. उभे दोन तुकडे केले तर सांधा बरोबर मध्यावर येतो, म्हणजे घोडा-स्वाराच्याच पट्ट्यात. तीन तुकडे केले तर मधला पट्टा अखंड राहतो, पण तीन शीट लागतात आणि निम्म्याहून जास्त बोर्ड वाया. सनबोर्ड रद्द.

मॅट फ्लेक्स, पाच फुटी रोल. 60 इंचांत 52 चित्राचे, वर-खाली चार-चार इंच दुमडायला. दुमड मागे घेऊन एक इंच चिकटवायची, तीन इंचांचं नेफ्यासारखं पोकळ राहतं, त्यात पडद्याचा स्टीलचा पाइप. पीव्हीसी पाइप स्वस्त पडतो, पण सव्वादोन मीटरच्या लांबीत मधोमध झोळ येतो आणि चित्रातलं क्षितिज वाकतं. आयलेट (धातूच्या कड्या) ठोकून दोरीने ताणलं तर कोपरे ओढले जाऊन सुरकुत्या तिरप्या पडतात. चमकता फ्लेक्स तर अजिबात नको. वर्गातली ट्यूब नेमकी आकाशात उमटते आणि अर्धी रांग ‘सर, वीज चमकतेय’ म्हणते.

रंग ही खरी डोकेदुखी. चित्र जवळजवळ सगळं मातकट आणि धुरकट. बॅनरची यंत्रं पिवळा-लाल ठसठशीत द्यायला सरावलेली असतात, वाढदिवसाचे फलक छापून छापून. त्यामुळे माती लालसर होते, नाहीतर करड्या भागावर हिरवट झाक येते. उपाय एकच: पूर्ण छापाआधी आडवी सहा इंचांची पट्टी छापून घ्यायची, तिच्यात आकाश, डोंगर आणि माती तिन्ही यायला हवीत. ती दिवसा सावलीत, पडद्यावरच्या प्रतीशेजारी धरून बघायची. दुकानातल्या ट्यूबखाली पसंत केलेला रंग वर्गात वेगळाच दिसतो.

टांगताना चित्राची खालची कड जमिनीपासून 64 सेंमीवर, म्हणजे मध्य 130 सेंमीवर येतो. मोठ्यांच्या दालनात तो 145 ते 150 सेंमीवर ठेवतात. आठवीच्या मुलांना तो वर मान करून बघावा लागतो.

27 जून

शिक्षकांचं कार्ड तयार झालं. ते मुलांना पहिल्या तासिकेत दाखवायचं नाही. त्यातला मजकूर:

पहिलं इंग्रज-अफगाण युद्ध, 1839 ते 1842. इंग्रजांनी दोस्त मोहम्मदला हटवून शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवलं. नोव्हेंबर 1841 मध्ये काबूल उठलं. 6 जानेवारी 1842 रोजी जनरल विल्यम एल्फिन्स्टनच्या हाताखाली फौज काबूलहून जलालाबादकडे निघाली. सुमारे 4,500 सैनिक, त्यांतले गोरे 700 च्या आसपास, बाकी हिंदी. शिवाय सुमारे 12,000 बुणगे: सईस, भिस्ती, आचारी, हमाल, बायका, पोरं. एकूण साडेसोळा हजार. वाट सुमारे 145 किलोमीटर. धुळ्याहून नाशिक याहून थोडं लांब पडेल. भर हिवाळा, गुडघ्याएवढं बर्फ, खिंडीच्या दोन्ही अंगांनी गोळीबार. खुर्द काबूल, तेझीन, जगदलक, गंडमक असं करत आठवड्याभरात फौज संपली. 13 जानेवारीला जलालाबादच्या तटावरून एक स्वार दिसला. असिस्टंट सर्जन विल्यम ब्रायडन.

कार्डावर ठळक अक्षरात तीन खबरदाऱ्या.

एक: ‘साडेसोळा हजारांतला एकटा वाचला’ हे वाक्य सर्रास आढळतं आणि ते चूक आहे. ओलीस आणि कैदी म्हणून गेलेले गोरे अधिकारी, बायका-मुलं सप्टेंबर 1842 मध्ये सुटले. थंडीने हातपाय झडलेले कितीतरी शिपाई आणि बुणगे काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत राहिले, काही गुलाम म्हणून विकले गेले, त्यांतले काही त्याच वर्षी पुढच्या फौजेबरोबर परत आले. ब्रायडन हा त्या दिवशी किल्ल्यापर्यंत पोचलेला एकटा गोरा माणूस, इतकंच म्हणायचं.

दोन: एल्फिन्स्टन दोन आहेत. पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये दक्षिणेचा आणि खानदेशाचा बंदोबस्त केला तो माउंटस्टुअर्ट. काबूलचा विल्यम हा त्याचा चुलत भाऊ. गोंधळ वाढवायला हेही आहेच, की माउंटस्टुअर्ट 1809 मध्ये पेशावरला याच शाह शुजाच्या दरबारी वकील म्हणून जाऊन आला होता.

तीन: चित्रकर्तीचा जन्म 1846 चा. प्रसंगानंतर चार वर्षांनी. तेव्हा ‘तिने पाहिलं तसं काढलं’ हा मुद्दाच निकालात निघतो.

3 जुलै

पहिली तासिका, फक्त बघण्याची. क्रम असा:

शीर्षक झाकायचं. छापाची कडेची पट्टी तपकिरी कागदाने बंद. पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, लिहायचंही नाही. मग फळ्यावर तीन रकाने: दिसतं, वाटतं, बाहेरून कळलं. तिसरा रकाना आज कोराच राहणार.

‘दिसतं’मध्ये फक्त नामं आणि स्थिती. घोडा, मान पुढे टाकलेली, अंगावर मांस नाही. स्वार खोगिरात, सरळ बसलेला नाही. मैदान. डोंगर. किल्ला. दूरचे स्वार. ‘दमलेला घोडा’ हे ‘वाटतं’मध्ये जातं, कारण दमणं दिसत नाही, वाकलेली मान दिसते. ही चाळणी एकदा मुलांच्या हाताला बसली की ती एकमेकांच्या चुका पकडण्यात रंगून जातात. शिक्षकाने मध्ये पडू नये.

‘वाटतं’मधल्या प्रत्येक वाक्याला पत्ता हवा. त्यासाठी चित्रावर चौकटी. 92 इंच आडवे, 52 उभे, चार इंचांची चौकट: 23 × 13, एकूण 299. आडवे आकडे 1 ते 23. उभी अक्षरं क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, त. अनुनासिकं गाळून बरोबर तेरा होतात. दोन मीटरवरून ट-ठ आणि ड-ढ एकसारखी दिसतात, तेव्हा ठ आणि ढ लाल खडूने. मुलाने ‘त्याला मदत येतेय असं वाटतं’ म्हटलं की बाकीच्यांनी विचारायचं, कुठल्या चौकटीवरून? मग तो किल्ल्याच्या बाजूच्या चौकटी सांगतो, आणि लगेच दुसरा म्हणतो, ते मदतीला येताहेत की पकडायला? दोघांच्या चौकटी एकच, अर्थ दोन. या जागी दहा मिनिटं खुशाल जाऊ द्यावीत.

चौकटी छापावर काढायच्या नाहीत. टेबलावर घालतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कपडा 54 इंच पन्ह्यात मिळतो, अडीच मीटर पुरतो. परमनंट मार्करने रेघा. तो वरच्या पाइपलाच चिमट्यांनी लावायचा. नको तेव्हा काढून ठेवता येतो. रोज काढून ठेवायचाच: हे प्लास्टिक आणि फ्लेक्सची शाई उन्हाळ्यात एकमेकांना धरतात, आणि ओढताना आकाशाचा पापुद्रा निघतो. मध्ये वर्तमानपत्र घातलं तर बातम्या प्लास्टिकवर उमटतात. जुनी सुती साडी उत्तम.

9 जुलै

काय काय बिनसतं, त्याची यादी वाढतेच आहे.

सर्वांत आधी चेतक. वाकलेला घोडा आणि जखमी स्वार दिसला की महाराणा प्रताप आलेच म्हणून समजायचं. हे खोडून काढू नये. ‘चेतकच्या चित्रात काय असतं जे इथे नाही?’ असा उलटा प्रश्न विचारायचा. मुलं पटकन सांगतात: ऐट. चेतक मरतानाही उमदा काढतात, हा घोडा नुसता झिजलेला आहे. चित्रकाराने काय टाळलं हे त्यांनी नकळत हेरलेलं असतं.

दुसरं: शिक्षकच गोष्ट सांगून मोकळे होतात. ‘हा डॉक्टर, याचं सगळं सैन्य मेलं’ असं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की नंतर मुलं चित्रात तेच शोधतात आणि तेच सापडतं. तासिका वाया. म्हणूनच कार्ड वेगळं ठेवलं आहे.

तिसरं: बर्फ. कार्ड वाचल्यावर हमखास विचारतात, बर्फाने मेले तर चित्रात मैदान कोरडं कसं? चित्रकर्तीची चूक? नाही. काबूल सुमारे 1,800 मीटर उंचीवर, जलालाबाद जेमतेम 575 वर. खिंडी संपल्यावर उतार लागतो आणि बर्फ मागे राहतं. नकाशाबरोबर उंचीचा आडवा छेद काढून दिला की प्रश्न सुटतो, आणि मुलांच्या हेही लक्षात येतं की चित्रकर्तीने हा माणूस मरणाचा सगळा पट्टा ओलांडून सपाटीला लागल्यावरचा क्षण निवडला आहे. आदल्या दिवशीचा, जगदलकच्या अडथळ्यापाशी उडालेल्या हलकल्लोळाचा, निवडता आला असता.

चौथं: ‘गोरा म्हणजे वाईट, बरं झालं’ किंवा ‘बिचारा’. दोन्ही घाईचे निकाल. दोन्ही ‘वाटतं’मध्ये लिहायचे आणि चौकट मागायची. चौकट मिळत नाही, वाक्य गळून पडतं.

अहिराणीत बोलू द्यावं. ‘बाकीना लोके कथा गयात?’ (बाकीचे लोक कुठे गेले?) हा या प्रकल्पातला सगळ्यांत नेमका प्रश्न. प्रमाण मराठीत उत्तर जुळवण्याच्या नादात मुलं प्रश्न विचारायचं विसरतात.

17 जुलै

दुसरी तासिका: बाकीचे लोक कुठे गेले, याचा हिशेब मैदानावर मांडणे.

299 चौकटी. साडेसोळा हजार भागिले 300 बरोबर 55. म्हणजे एका चौकटीत 55 माणसं धरली तर सगळे मावायला चित्र एका चौकटीने अपुरं पडतं. गोल टिकल्यांची पाकिटं, तीन रंग: लाल 13, निळ्या 69, पिवळ्या 218. लाल म्हणजे गोरे सैनिक (सुमारे 700), निळ्या हिंदी सैनिक (सुमारे 3,800), पिवळ्या बुणगे (सुमारे 12,000). पंचवीस मुलं असतील तर प्रत्येकी बारा. टिकल्या प्लास्टिकवर लावायच्या, एका चौकटीत एक. शेवटची कुठे लावायची ते वर्गाने ठरवायचं. बहुधा कडेच्या पट्टीवर जाते.

आधी लाल लावाव्यात. तेरा टिकल्या कुठल्या कुठे विखुरतात. मग निळ्या. मग पिवळ्या सुरू झाल्या की मैदान, डोंगर, आकाश सगळं भरून जातं आणि घोड्यावरही टिकल्या चढतात. उलट क्रमाने लावलं तर हा परिणाम साफ हुकतो, कारण लाल टिकल्या शेवटी उरलेल्या जागांत जातात आणि सगळ्यांत वर उठून दिसतात.

आकडे गोल आहेत हे सांगायचंच. सैनिकांची हजेरी असते, म्हणून तो आकडा बराचसा भरवशाचा. बुणग्यांची हजेरी कोणी घेतली नव्हती. 12,000 हा त्या वेळच्या लोकांचा अंदाज. ज्यांच्या टिकल्या सर्वांत जास्त, त्यांचाच आकडा सर्वांत कच्चा.

मग घोड्याबद्दल. ब्रायडनच्या स्वतःच्या हकिगतीनुसार ते तट्टू त्याचं नव्हतं. वाटेत त्याचा घोडा गेला, मरणाच्या दारातल्या एका हिंदी घोडेस्वाराने आपलं तट्टू त्याला दिलं. जलालाबादच्या तबेल्यात नेल्यावर ते खाली बसलं ते पुन्हा उठलंच नाही. म्हणजे चित्राच्या मध्यावर जो एक ‘वाचलेला’ आहे, त्याच्या मांडीखाली न दिसणाऱ्या माणसाचं जनावर आहे. हे टिकल्या लावून झाल्यावर सांगायचं. मुलं बहुतेक वेळा घोड्यावर एक निळी टिकली जादा लावायला मागतात. लावू द्यावी, पण हिशेबाच्या बाहेर, अशी नोंद करून.

टिकल्यांचा गोंद उन्हात प्लास्टिकवर राहतो. खोबरेल तेलाचा बोळा, मग साबणपाणी. स्पिरिट लावलं तर चौकटीच पुसल्या जातात.

24 जुलै

मोजणीला जोड म्हणून पानिपतचा निरोप. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाची ती सांकेतिक बातमी मुलांना ठाऊक असते. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. 14 जानेवारी 1761. जलालाबादची तारीख 13 जानेवारी, 81 वर्षांनंतरची; योगायोगच, त्यातून काही काढू नये.

विचारायचं ते इतकंच: निरोपातला खुर्दा चित्रात कुठल्या चौकटीत आहे? पराभव सांगायची रीत दोन्हीकडे एकच. नावं असलेले मोजायचे, बाकी रास. फरक असा की निरोप निदान ‘गणती नाही’ हे बोलून दाखवतो. चित्रात त्या जागी माती रंगवली आहे. एका गटाचा प्रतिवाद चांगला होता: नावच ‘फौजेचे अवशेष’ आहे, म्हणजे चित्रकर्तीलाही बाकीचे गेलेत हेच सांगायचंय, मग रिकामं मैदान हीच तिची गणती. हा अर्थ ग्राह्य धरावा. त्याला चौकटी आहेत आणि शीर्षकाचा आधारही.

31 जुलै

दुसरं चित्र समोर ठेवलं: विल्यम बार्न्स वोलन, 1898, गंडमकच्या टेकडीवर 44 व्या गोऱ्या पलटणीचा शेवटचा लढा. त्याच दिवसाचा, 13 जानेवारी 1842 चाच प्रसंग. सुमारे 20 अधिकारी आणि 45 सैनिक, काडतुसं संपत आलेली. कॅप्टन सूटरने पलटणीचं निशाण कमरेला गुंडाळलं होतं. त्या भरजरी कापडामुळे हा कोणी बडा असामी समजून त्याला जिवंत पकडलं.

ए-2 छाप पुरतो, याला भिंत लागत नाही. तुलना झटपट होते: इथे मधोमध माणसांचा घट्ट घोळका, पाठीला पाठ लावलेली, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. बटलर बाईंनी एकच माणूस रंगवून मैदान ठेवलं. वोलनने मैदान काढून टाकून माणसं ठेवली. पण टिकल्यांच्या हिशेबाने दोन्ही चित्रं लाल रंगाचीच आहेत. वोलनचा घोळका म्हणजे 65 माणसं, एका चौकटीहून जरा जास्त.

8 ऑगस्ट

आता तिसरा रकाना. 1842 चा प्रसंग 1879 मध्ये का काढला?

कारण दुसरं अफगाण युद्ध 1878 च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं. चित्र 1879 च्या उन्हाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत लागलं. त्याच मे महिन्याच्या 26 तारखेला गंडमकलाच तह झाला, खैबर खिंडीचा ताबा इंग्रजांकडे गेला. म्हणजे प्रेक्षक सकाळी वर्तमानपत्रात गंडमक वाचणार आणि दुपारी हे चित्र बघणार. ते इतिहासाचं चित्र म्हणून कोण बघेल? काहींना त्यात बदल्याची हाक दिसली असेल, काहींना ‘पुन्हा त्याच वाटेने चाललोय’ हा इशारा. सप्टेंबरात काबूलचा इंग्रज वकील कॅव्हॅन्यारी मारला गेला, त्यानंतर तर इशाऱ्याचा अर्थ आपोआप बळावतो. पण चित्र काढताना ते घडलं नव्हतं, हे मुलांकडून तारखा लावून घ्यावं. नंतरची घटना आधीच्या चित्रात वाचणं ही मोठ्या अभ्यासकांचीही खोड आहे.

असल्या चित्रांना लावतात त्या ‘सरहद्दीवरची लढाई’ या लेबलाचंही असंच. 1842 मध्ये कंपनीची हद्द सतलजपाशी संपत होती, पेशावर शिखांकडे होतं. काबूल सरहद्दीवर नव्हतं, सरहद्दीच्या कितीतरी पलीकडे होतं. पंजाब 1849 मध्ये घेतल्यावर हद्द खैबरच्या तोंडाशी आली आणि 1879 च्या प्रेक्षकाला तो प्रदेश ‘आपल्या सरहद्दीचा’ वाटू लागला. दोन नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढून एकावर एक ठेवायचे. पाच मिनिटांचं काम, भाषणाची गरज नाही.

‘आपल्याकडचे होते का त्यात?’ याला उत्तर: काबूलहून निघालेल्या कंपनीच्या हिंदी पायदळ पलटणी बंगाल सैन्याच्या, 5 वी, 37 वी आणि 54 वी. मुंबई सैन्याची तुकडी 1839 च्या चढाईत होती, पण त्याच वर्षी सिंधच्या वाटेने परतली आणि परतताना नोव्हेंबरात बलुचिस्तानातलं कलात घेतलं. मुंबईच्या पलटणींवर खरी आपत्ती आली ती 27 जुलै 1880 रोजी, दुसऱ्या अफगाण युद्धात, मैवंदला. त्यात पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि 30 वी पलटण होती.

चित्रकर्तीबद्दल इतकं पुरे: 1874 च्या ‘रोल कॉल’ने ती घराघरात पोचली, ते चित्र राणी व्हिक्टोरियाने घेतलं. 1879 मध्येच अकादमीच्या सहसदस्यत्वाच्या निवडणुकीत ती दोन मतांनी हरली. लष्करी चित्रं बाईने काढली म्हणून हरली, असं मुलं लगेच लिहून टाकतात. दोन मतांवरून कारण कळत नाही. ‘वाटतं’मध्ये लिहा.

14 ऑगस्ट

शेवटची तासिका, गावाकडे वळून.

आउट्रम 1825 मध्ये खानदेशात आला, भिल्लांचीच पलटण उभी करून तिच्याकरवी सातपुडा-अजिंठ्याच्या डोंगरांतली धामधूम मोडून काढली, 1835 मध्ये गुजरातेत महीकांठ्याला गेला, 1838 च्या अखेरीस जनरल कीनचा सहायक म्हणून अफगाण मोहिमेवर. जुलै 1839 मध्ये गझनीला तो होता. 25 सप्टेंबर 1857 रोजी हॅवलॉकबरोबर लखनौच्या रेसिडेन्सीत शिरला, तेव्हा आत वेढ्यात अडकलेल्यांत विल्यम ब्रायडनही होता, पुन्हा जखमी. दोघांच्या वाटा भिंतीवरच्या नकाशावर दोन रंगांच्या दोऱ्यांनी जोडायच्या. दोऱ्या लखनौला गाठ खातात. दोऱ्याला टाचण्या, खिळे नको, नकाशा फाटतो.

लखनौची पुढची, नोव्हेंबर 1857 मधली सुटका चित्रकार बार्करने 1859 मध्ये भव्य चित्रात रंगवली, त्यात आउट्रम आहे. मग प्रश्न: याच माणसाने खानदेशात केलेल्या कामाचं, आणि पुढे 1857-58 मध्ये सातपुड्यात जे घडलं त्याचं, असं चित्र का नाही? सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी चाकरी सोडून उठावात उतरला. 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला लढाई झाली. भिल्ल बायका मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या. सरहद्द म्हटली की खैबर आठवतो, पण 1818 नंतरच्या खानदेशात डोंगराची कड हीच सरहद्द होती.

गृहपाठ: 23 × 13 चौकटींच्या आलेख कागदावर आंबापाणीच्या चित्राची मांडणी. रंगवायचं नाही, फक्त जागा वाटायच्या. नियम तीन. कोणता क्षण: आधीचा, लढाईचा की नंतरचा, आणि तोच का, दोन ओळींत. मध्यावर कोण. आणि कमीत कमी पन्नास चौकटी रिकाम्या, त्या कशाच्या हे लिहून. खाज्या नाईकाचा चेहरा काढू नये. हल्लीच्या फलकांवरचा चेहरा उतरवला जातो आणि तो पुरावा समजला जातो. पाठमोरा काढला तरी चालेल.

आलेल्या मांडण्यांत बहुतेकांनी लढाईचा क्षण घेतला. काहींनी बायकांना बांधून नेतानाची रांग घेतली आणि डोंगर रिकामा ठेवला. एकीने मध्यावर फक्त घाटरस्ता ठेवला आहे, माणसं सगळी कडेला. कारण लिहिलंय की भांडण रस्त्याचं होतं. मुंबई-आग्रा रस्ता सेंधव्याच्या घाटातूनच जातो हे तिच्या घरच्यांना ट्रकमुळे ठाऊक असावं. ही मांडणी पुढच्या शाळेत नमुना म्हणून दाखवायची नाही, नाहीतर सगळेच रस्ता काढतील.

26 ऑगस्ट

छाप एरंडोलला द्यायचा आहे. फ्लेक्स घडी घालून नेऊ नये, घडीची पांढरी रेघ कायमची राहते. चित्राची बाजू बाहेर ठेवून चार इंची पाइपावर गुंडाळायचा. आत ठेवून गुंडाळला की टांगल्यावर कडा पुढे वळतात. प्लास्टिकचा कपडा वेगळा, साडीत. सोबत: स्टील पाइप दोन, चिमटे बारा, टिकल्यांची पाकिटं (पिवळ्या जादा द्या, त्याच संपतात), सहा इंची तुकडे, वोलनचा ए-2 छाप, ट्रेसिंग नकाशे, उंचीचा छेद, आलेख कागद. शिक्षकांचं कार्ड बंद पाकिटात, वर लिहून: पहिल्या तासिकेनंतर उघडा.

तिथल्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. दुपारचं सत्र घेऊ नये, किंवा छाप खिडकीच्याच भिंतीवर लावावा.